काचेवरचा तीळ

संग्रहालयाच्या बाईंनी मजकूर वाचायला घेतला, तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

वरचा मजला विकल्यापासून या घरातली माणसं एका खोलीत बसली, की कोण कुणाशेजारी बसलं आहे यावरून हवामानाचा अंदाज बांधता येत असे. आजचा अंदाज चांगला होता. स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत, जिथे गिऱ्हाइकं आपली पाळी येईपर्यंत आरशात बघून केस विंचरत, तिथल्या लांब बाकावर दादा आणि छोटू शेजारीशेजारी बसले होते. दादाची बायको, वहिनी, समोरच्या खुर्चीत, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. मधली बहीण, जिला घरात सगळेच, अगदी तिची आईसुद्धा, डॉक्टर म्हणत, ती खिडकीला टेकून उभी. आणि कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत धाकटी.

ऐंशी वर्षांच्या बाईला धाकटी म्हणण्यात इथे कुणाला काही वावगं वाटत नसे. पोट सुटलेल्या, पंचावन्न वर्षांच्या इसमाला छोटू म्हणण्यात तरी कुठे वाटत होतं? ती धाकटी झाली ती थोरलीची बहीण म्हणून. थोरली तापाने गेली तेव्हा तिचा मुलगा, म्हणजे दादा, तीन वर्षांचा होता. पुढे नानांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, मेहुणीशी लग्न केलं. डॉक्टर आणि छोटू ही त्या लग्नाची मुलं. दादा धाकटीला आधीही मावशी म्हणत होता, नंतरही मावशीच म्हणत राहिला, आणि या प्रश्नावर घरात कधी मतदान झालं नाही.

टेबलावर थोरलीचा फोटो पसरला होता. साठ वर्षं तो या खोलीच्या दारावर टांगलेला होता, वहीच्या पानाएवढा. संग्रहालयाने मूळ काचेवरून, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवरून, नवी प्रत काढली होती, ती टेबल भरून वर दोन्हीकडून लोंबत होती. समोरून घेतलेला चेहरा. केस मागे घट्ट बांधलेले. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेलं लोकरी जाकीट. उजव्या गालावर तीळ.

"तर मजकूर असा आहे," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "उद्या छापायला जातोय, म्हणून म्हटलं घरच्यांच्या कानावर घालावा. 'कॅमेऱ्यासमोरची स्त्री या प्रदर्शनाचं मुख्य छायाचित्र. स्टुडिओच्या संस्थापकांच्या प्रथम पत्नी.' इथे नाव येईल. पुढे: 'छायाचित्रकाराची पत्नी असूनही ही तरुणी इथे कुणाचीच पत्नी म्हणून दिसत नाही. तिच्या ताठ मानेत आणि थेट नजरेत स्वतःच्या ओळखीविषयीची पूर्ण खात्री आहे.'"

"वा," दादा म्हणाला.

"खात्री कसली?" धाकटी म्हणाली. "मान आखडली होती माझी."

छोटू हसला. विनोद आहे असं त्याला वाटलं, आणि आईच्या विनोदाला हसण्याची त्याला सवय होती. मग खोलीत आपण एकटेच हसतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

"यंत्र नीट बसलंय ना कानात?" वहिनींनी डॉक्टरला विचारलं. "काहीतरी भलतंच ऐकलेलं दिसतंय."

"यंत्र ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. कानाचा साचा तिनेच घेतला होता, गेल्याच महिन्यात.

"माझी म्हणजे कुणाची, मावशी?" दादाने विचारलं.

"माझी म्हणजे माझी. तो फोटो माझा आहे."

*

दादाने आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. भूमापकाचं सगळं काम एका मूळ दगडावर चालतं. तो दगड कुणीतरी, केव्हातरी पक्का रोवलेला असतो. पुढची प्रत्येक हद्द त्याच्यापासून मोजायची. दगड स्वतः बरोबर आहे की नाही हे कुणी मोजत नाही, कारण मग मोजायचं कुठून?

त्याच्याकडे आईच्या फोटोची एक प्रत होती, झोपायच्या खोलीत, कपाटाच्या वर. परीक्षेचे निकाल त्याने आधी तिला सांगितले होते. नोकरी लागली तेव्हा, मुलगी झाली तेव्हा, वरच्या मजल्याच्या विक्रीवरून छोटूशी अबोला धरला तेव्हाही. लग्न नवं होतं तेव्हा वहिनींना हे चमत्कारिक वाटलं होतं, पुढे त्या स्वतःच सांगू लागल्या, "आधी सासूबाईंना विचारा, मग मला सांगा." देवावर त्याचा विश्वास नव्हता. फोटोवर विश्वास ठेवावा लागत नाही, तो दिसतो, असं त्याचं म्हणणं.

"मावशी," तो आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाला, "वय झालं की होतं असं. कुणाचं काय, आपलं काय, मिसळतं."

"माझं काही मिसळलेलं नाही. मिसळलं ते तुझ्या बापाने."

"नानांचं नाव मध्ये आणू नकोस."

"मग कुणाचं आणू? फोटो काय मी काढला?"

दादा उभा राहिला. "नानांनी तुला घर दिलं. तिची जागा दिली. तिचं पोर दिलं वाढवायला. भिंत तेवढी तिच्याकडे राहिली होती. तीही पाहिजे का आता?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या बहुधा त्याच्या बाजूच्या असत, पण या वाक्यानंतर त्यांनी खुर्ची किंचित मागे सरकवली.

धाकटी चिडली नाही. तिने कानातलं यंत्र बोटाने दाबून पाहिलं, जणू इतकं स्पष्ट ऐकू येण्याची किंमत तिला आत्ताच कळत होती. "बस खाली," ती म्हणाली. "उभं राहून रडता येत नाही आणि भांडताही येत नाही. बस, सांगते."

तो बसला.

"थोरलीचा फोटोच नव्हता. एकही. सगळ्या गावाच्या बायका या खोलीत बसून गेल्या, आणि घरातली राहिली. दिव्याखाली अंधार. ती म्हणायची, माझा काढा. हे म्हणायचे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा काढू. गिऱ्हाईक नव्हतं असा दिवस उजाडला तो ती गेली तोच."

संग्रहालयाच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि, कुणी बघतं आहे असं वाटून, पुन्हा लावलं.

"तू जेवायचा नाहीस," धाकटी दादाला म्हणाली. "दाराशी बसून राहायचास. कुणी बाई आली की उठायचास, तोंड बघायचास, परत बसायचास. गिऱ्हाइकं यायला घाबरायला लागली. तेव्हा तुझ्या बापाने मला तिचं जाकीट घालायला लावलं आणि त्या खोलीत बसवलं. मी एकोणीस वर्षांची. मला म्हणाले, हसू नकोस, ती हसायची नाही फोटोत. मी म्हटलं, तिचा फोटो होता कुठे?"

"नाना असं करणार नाहीत," छोटू म्हणाला.

"का? रोज तेच तर करत होते. काचेवर पेन्सिल चालवून कुणाची लोंबती हनुवटी काढ, कुणाचं नाक सरळ कर. पुढे मला शिकवलं. गावातल्या निम्म्या बायकांच्या हनुवट्या माझ्या हातच्या आहेत."

*

घरातल्या भांडणात डॉक्टर साधारणपणे दादाच्या बाजूने उभी राहत असे, कारण दादा मोजून बोलतो आणि छोटू अंदाजाने. पण आत्ता तिच्या मनात बाजूचा विचार नव्हता. तिला एक जुनी गोष्ट सतावत होती, जी आजवर तिने गोष्ट मानलीच नव्हती.

आईचा फोटो घरात कुठेच नाही. आईला फोटोची भीती वाटते, हा घरातला पिढीजात विनोद. प्रत्येक समूहछायाचित्रात नाना मध्ये, मुलं भोवती, आणि आई कॅमेऱ्यामागे, फोटो टिपणारा रबरी फुगा दाबायला. "सगळ्यांना उभं करणारी बाई कुठेच उभी नाही," असं छोटूच्या लग्नात कुणी म्हणालं होतं, आणि सगळे हसले होते, आईसुद्धा. एक फोटो ओळखपत्रावरचा होता. तो पाहून आईच म्हणाली होती की यात मी पकडलेली दिसते.

"भीती वाटायची तुला," डॉक्टर म्हणाली. "कॅमेऱ्याची."

"कॅमेऱ्याची कसली भीती? माझा दुसरा फोटो निघाला असता तर दोन्ही शेजारी ठेवून कुणीही ओळखलं असतं. म्हणून काढायचा नाही, असं ठरलं."

"कुणाचं ठरलं?"

"त्यांचं. मी हो म्हटलं. पोर जेवायला लागलं होतं."

डॉक्टर टेबलापाशी आली. चेहरा तिने बघितलाच नाही. चेहऱ्यावर पेन्सिल फिरलेली असणार, तो साक्षीदार म्हणून बाद. ती कानाकडे वळली. चेहरे सुधारणारी माणसं कानाच्या वाटेला जात नाहीत. कानावरून कुणी सुंदर ठरत नाही, म्हणून कान जसाच्या तसा राहतो. डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली. वरच्या कडेला छोटीशी गाठ. साचा घेताना याच गाठीशी तिची झटापट झाली होती. पहिलं यंत्र तिथेच टोचत होतं.

"कान जुळतो," ती म्हणाली.

"झालं!" वहिनी म्हणाल्या.

"झालं काही नाही. सख्ख्या बहिणींचे कान सारखे असू शकतात. थोरलीचा कान आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही."

"तेच म्हणतोय मी," दादा लगेच म्हणाला.

"तू तेच म्हणत नाहीयेस, दादा. तू म्हणतोयस आई खोटं बोलतेय. मी म्हणतेय, अजून माहीत नाही."

संग्रहालयाच्या बाईंनी घसा साफ केला. "मला घाई करायची नाही. पण मजकुरात काहीतरी नाव द्यावं लागेल. आणि खरं सांगू का, हे जर असं असेल, तर फोटो उलट जास्तच..."

"जास्तच काय?" वहिनींनी विचारलं.

"...महत्त्वाचा ठरतो."

"तुमचं बरं आहे. आमचं घर फुटलं की तुमचं महत्त्व वाढतं."

छोटूला तोडगा काढायची घाई झाली होती. तोडगा काढणं हा त्याचा स्वभाव होता आणि धंदाही. पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याला नाराज चेहऱ्यांची सवय असते. "असं करू या का? नावच नको. 'संस्थापकांच्या पत्नी' एवढंच लिहू. ते खोटं नाही. थोरलीलाही लागू, आईलाही लागू. कुणाला दुखवायला नको."

क्षणभर सगळ्यांना हे पटल्यासारखं दिसलं. दादानेही मान अर्धवट हलवली. संग्रहालयाच्या बाईंनी टोपण पुन्हा काढलं.

"नको," धाकटी म्हणाली.

"आई, पण—"

"दोघींना लागू म्हणजे एकीलाही नाही. साठ वर्षं तेच तर आहे ना ते? बायको म्हणून कुणीही चालते, जाकीट बसलं म्हणजे झालं." ती खुर्चीच्या हातावर रेलून पुढे झाली. "मला तुमची भिंत नको. त्या बाईंचं प्रदर्शन नको. हा माझा एकच फोटो आहे. कुणीतरी नीट दिवे लावून, नीट बसवून काढलेला एकच. त्याच्याखाली माझं नाव पाहिजे. तिचं नाही, 'पत्नी' नाही. माझं. मी मेल्यावर कोण सांगणार आहे?"

आता कुणी हसलं नाही.

"आई," डॉक्टर म्हणाली, "नानांनी काचेवर काय काय बदललं?"

"भुवया निमुळत्या केल्या. नाकाचा शेंडा पेन्सिलीने उजळला. आणि तीळ. मला तीळ आहे का कुठे?"

सगळ्यांनी तिच्या गालाकडे पाहिलं. गालावर बरंच काही होतं, ऐंशी वर्षांत जमा झालेलं. तीळ नव्हता.

"मग तीळ कुठून आला?"

"खरवडून."

डॉक्टर छोटूकडे वळली. "काच आहे ना इथे?"

*

काच होती. संग्रहालयाने आजच परत केली होती, कापूस भरलेल्या खोक्यात. छोटूची ती बघायची मुळीच इच्छा नव्हती. प्रदर्शनाच्या निमित्ताने दुकानाची नवी पाटी रंगवून घ्यायची, तिच्यावर हाच चेहरा घालायचा, असं त्याने ठरवलं होतं. शिवाय वरच्या मजल्यानंतर पहिल्यांदाच दादा त्याच्या बाकावर येऊन बसला होता. काच उजेडात धरली की यातलं काहीतरी जाणार, हे त्याला दिसत होतं. काय जाणार, एवढंच बघायचं राहिलं होतं.

पण पेन्सिलकाम तो आईकडूनच शिकला होता, आणि समोर काच आली की हात आपोआप कडांवर जातात, बोटं पृष्ठभागाला लागत नाहीत. त्याने ती खिडकीशी तिरपी धरली आणि भिंग डोळ्याला लावलं.

काचेवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. गाल उजळायचा असेल तर पेन्सिल फिरवायची. आणि काळा ठिपका हवा असेल, तर पात्याच्या टोकाने काचेवरचा लेप खरवडायचा, म्हणजे तिथून उजेड आरपार जातो आणि कागदावर काळं उमटतं.

काचेचा कोन त्याने दोनदा बदलला.

"अरे बोल," वहिनी म्हणाल्या.

"खरा तीळ असता तर लेप पातळ दिसला असता, पण असता. इथे लेपच नाही. नुसती काच आहे. पात्याचे ओरखडे दिसताहेत." त्याने भिंग खाली घेतलं. "खरवडलाय."

"म्हणून काय झालं?" दादा म्हणाला. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता. तो कामावरचा आवाज होता. "फिकट असेल. उठून दिसावा म्हणून नानांनी गडद केला असेल. तुम्ही लोक करताच की."

छोटूने प्रामाणिकपणे विचार केला. "करतो," तो म्हणाला. "तसंही असू शकेल."

"रास्त शंका आहे," डॉक्टर म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"शंका कसली?" धाकटी म्हणाली. "थोरलीचा तीळ या गालावर नव्हताच. डाव्या गालावर होता. तुझा बाप चुकला."

"चुकला म्हणजे?"

"लेपाच्या बाजूने काम करायचं ना, तिथून उजवं डावं दिसतं. जन्मभर केलं, कधी चुकले नाहीत. बायकोच्या वेळी चुकले. कागद वाळला तेव्हा मी दाखवलं. म्हणाले, उलटा छापतो. पण मग जाकिटाच्या गुंड्या पुरुषांच्या बाजूला गेल्या असत्या. म्हणाले, पुन्हा काढू. तोवर तू तो ओला कागद पोटाशी धरून बसला होतास. काढून घ्यायला गेलं की किंचाळायचास. मग राहिला."

दादाने डोकं हलवलं. ठामपणे, दोनदा. "नाही. इथे तू सापडलीस, मावशी. मला ते आठवतंय. फोटोतलं नाही, माझं स्वतःचं. रात्री झोपताना मी आईच्या तिळावर बोट ठेवायचो. बोट ठेवल्याशिवाय झोपायचो नाही. उजव्या गालावर. मला दुसरं काहीसुद्धा आठवत नाही तिचं, पण हे आठवतं."

"ठेवायचास खरा," धाकटी म्हणाली. "ते मी पाहिलंय."

"कुठे झोपायचे ते?" डॉक्टरने विचारलं.

"आतल्या खोलीत, खाटेवर," दादा म्हणाला. "उशी दाराकडे. मी भिंतीच्या बाजूला, पडू नये म्हणून. ती बाहेरच्या बाजूला."

आतली खोली आता सामानाची झाली होती, पण खाटेच्या पायांनी फरशीत पाडलेले चार खड्डे अजून होते. दादा उठला. दाराशी उभा राहून त्याने आत पाहिलं. भिंत कुठल्या बाजूला, खड्डे कुठे. इथे पाठीवर निजलं तर भिंत उजव्या हाताला येते. त्याने दोन्ही तळहात वर केले, एक आपला म्हणून आणि एक तिचा म्हणून, आणि ते समोरासमोर आडवे केले, जसं एखादं पोर दोन माणसं निजवतं. भिंतीकडे तो. बाहेरच्या बाजूला ती, त्याच्याकडे तोंड करून. त्याच्याकडे तोंड करायचं तर तिला उजव्या कुशीवरच निजावं लागणार.

उजव्या कुशीवर. म्हणजे उजवा गाल उशीत.

त्याने हात फिरवून पाहिले. पुन्हा पहिल्यापासून मांडले. भूमापक एकदा मोजत नाही. भिंत जिथे होती तिथेच राहिली आणि उजवा गाल दर वेळी उशीत गेला. बोट ठेवायला जो गाल वर उरत होता, तो डावा होता.

वहिनी उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. काय चाललं आहे ते त्यांना कळलं नाही, पण त्याचे हात खाली येत नव्हते, म्हणून त्यांनी ते धरून खाली घेतले.

"डावा," तो म्हणाला. "डावाच असणार."

डॉक्टरने याचा अर्थ मनाशी लावला, तो असा: बोट खरं होतं. गाल फोटोने बदलला होता. तीन वर्षांच्या मुलाची एकुलती एक आठवण, आणि तिच्यावरही कुणीतरी लेपाच्या बाजूने काम केलं होतं.

*

धाकटीला वाटलं होतं, हे ठरलं की आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. समोर चौसष्ट वर्षांचा माणूस बाकावर येऊन बसला होता, आणि त्याने टेबलावरच्या फोटोकडे पाहण्याचं टाळलं होतं. लहानपणी त्याच्या हातून कप फुटला की तो तुकड्यांकडे असाच बघायचा नाही.

"नानांनी सांगायला हवं होतं," छोटू म्हणाला. त्याने बाक सोडला होता आणि नकळत आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता.

"काय सांगणार होते? तुझ्या आईचा फोटो काढायला मला वेळ झाला नाही, असं?"

"बाई," दादा म्हणाला. संग्रहालयाच्या बाईंना तो पहिल्यांदाच थेट हाक मारत होता. "लिहून घ्या."

त्याने धाकटीचं नाव सांगितलं. लग्नाआधीचं, तिच्या वडिलांच्या आडनावासकट. साठ वर्षांत ते नाव त्याने उच्चारलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण त्याला ते अचूक येत होतं. शाळेतून आणलेल्या प्रत्येक कागदावर 'पालक' या शब्दापुढे ती लग्नानंतरही याच नावाने सही करायची, आणि त्याने ते वाचलं होतं.

"खाली 'पत्नी' लिहू?" बाईंनी विचारलं.

"नको म्हणाली ना ती."

"मग वर्णनात काय? कोण म्हणून?"

"एकोणीस वर्षांची मुलगी. बहिणीचं जाकीट घालून बसलेली. एवढं पुरे." तो थांबला. "आणि ते खात्रीचं वाक्य काढा. तिची मान आखडली होती."

बाईंनी ते वाक्य खोडलं. त्यांना ते फार आवडलं होतं, हे त्यांच्या खोडण्यावरून दिसलं.

"घरातला फोटो?" वहिनींनी हळूच विचारलं. "कपाटावरचा?"

"राहू दे. मावशीचा आहे, मावशीचा फोटो घरात असायला काय हरकत आहे?" मग तो धाकटीकडे वळला. खुर्ची ओढून तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तो चेहरा नव्हता बघत, मोजत होता. "मग ती कशी दिसायची?"

"थोरली?"

"तू एकटीच राहिलीस जिने पाहिलंय. सांग. नाक कसं होतं?"

"नाक..." धाकटी म्हणाली. "माझ्यापेक्षा जरा बारीक. शेंड्याला—" ती थांबली.

नाकाचा शेंडा पेन्सिलीने उजळलेला तिला दिसत होता. भुवया निमुळत्या. तिने डोळे मिटले आणि मागे जायचा प्रयत्न केला, बहिणी बहिणी एका पांघरुणात झोपत त्या घरापर्यंत. थोरली दारात उभी होती, जाकीट घालून, गुंड्या गळ्यापर्यंत लावून, समोर बघत. ती वळेना. तिची मान ताठ होती.

खोटं सांगणं सोपं होतं. दोन ओळी पुरल्या असत्या, डोळे असे, कपाळ तसं, आणि त्याला कपाटावर ठेवण्यासारखं काहीतरी मिळालं असतं. या घरात हे काम एकदा झालेलं होतं, आणि चांगलं टिकलं होतं.

"मला आठवत नाही रे," ती म्हणाली. "रोज तो फोटो बघत आले ना. आता तिला आठवायला गेलं की मीच दिसते, तीळ लावलेली."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागली. रस्त्यावर एक माणूस शिडी लावून समोरच्या दुकानाची काच पुसत होता.

"बरं," दादा म्हणाला. "बरं. असू दे." तो उठायला लागला.

"ओरडायची फार," धाकटी म्हणाली.

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"आवाज जाड होता. बाईमाणसाचा वाटायचा नाही. आमची आई मला म्हणायची, तू निदान मांजरासारखी बोलतेस, हिचा आवाज गाडीवानाचा. तू रात्री झोपायचा नाहीस. डोळे उघडे ठेवून पडायचास, टकामका. मग ती ओरडायची, गल्लीला ऐकू जाईल असं."

"काय ओरडायची?"

धाकटीने कानातलं यंत्र काढून हातात घेतलं. स्वतःचा आवाज त्यातून कर्कश यायचा. मग तिने श्वास घेतला आणि तिच्या बारीक अंगातून, कुणी अपेक्षा केली नव्हती असा, खालचा, जाडा आवाज काढला.

"ए घुबडा! मीट की डोळे! पहाट झाली मेल्या, मीट!"

संग्रहालयाच्या बाई दचकल्या. छोटूच्या हातातली काच हलली, त्याने ती छातीशी धरली.

दादाला ते आठवलं, असं म्हणता येणार नाही. तीन वर्षांच्या मुलाला एवढं आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी ते मोजून पाहायला आता भिंत नव्हती. तो खुर्चीत परत बसला. गुडघ्यावर हात ठेवले. डोळे मिटले.

"परत म्हण," तो म्हणाला.